डिझायर, इटिऑस की सिटी? जुनी मॅन्युअल सेडान घेताना

साताऱ्याहून एका शिक्षकांनी विचारलंय: "दादा, घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई-वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर फिरणं, त्यात पुण्याची एखादी फेरी. सगळं धरून साडेपाच लाखांच्या वर जायचं नाही. ऑटोमॅटिक नको, मॅन्युअलच हवी. चार दारं आणि मागे वेगळी डिकी हवी. तीन गाड्या बघून ठेवल्यात. २०१८ ची डिझायर व्हीएक्सआय पेट्रोल, दुसरा मालक, सव्वापाच लाख. २०१६ ची इटिऑस पेट्रोल, पहिला मालक, पुणे पासिंग, तीन लाख नव्वद. आणि २०१५ ची होंडा सिटी डिझेल, चार लाख चाळीस. कुठली घेऊ?"

सर, सिटी डिझेल आजच यादीतून काढा. गाडी वाईट नाही. सहा गिअर आहेत, हायवेला सरळ पळते, डिझेलही कमी पिते. पण महिन्याला सातशे किलोमीटरसाठी डिझेल घेण्यात अर्थ नाही. माझ्या हिशोबाने महिन्याला दीड हजारांच्या वर चालणाऱ्यानेच डिझेल घ्यावं. इंधनात वाचलेले पैसे एका इंजेक्टरच्या कामात निघून जातात. दहा वर्षांच्या डिझेलचे इंजेक्टर, टर्बो, क्लच यांपैकी काहीतरी एक दाराशी येऊन उभं असतंच. शिवाय ती बसायला खाली आहे. वडिलांना गुडघे मुडपून आत बसायचं आणि उतरताना जोर देऊन वर उठायचं, हे रोज होणार.

उरल्या दोन. त्यांच्यात निवड करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: मॅन्युअल गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा तिचा क्लच किती वेळा दाबला गेला, हे जास्त महत्त्वाचं आहे. हिंजवडीला रोज जाणाऱ्याची पस्तीस हजार चाललेली गाडी आणि कोल्हापूर-मुंबई करणाऱ्याची ऐंशी हजार चाललेली गाडी माझ्यासमोर उभी केलीत, तर क्लचच्या बाबतीत मी बहुतेक वेळा दुसरी निवडेन. हायवेला पाचव्या गिअरमध्ये तास-तासभर क्लचला पाय लागत नाही. सिग्नलच्या रांगेत अर्धा क्लच दाबून गाडी रांगवत नेणाऱ्याच्या हातात क्लचप्लेट चाळीस-पन्नास हजारांतच गेलेली मी बघतो. तीच प्लेट नीट चालवणाऱ्याकडे लाखभर सहज टिकते. त्यामुळे "पुणे पासिंग, कमी चाललेली" हे ऐकून एकदम खूश होऊ नका. आणि मीटर तर लॅपटॉप लावून पाडता येतो, म्हणजे किलोमीटर कमी दाखवता येतात, ते वेगळंच.

मीटर पाडलाय का हे कळायला गाडीतच खुणा असतात. पेडलवरची रबरं बघा, विशेषतः क्लचच्या रबराची डावी कड. स्टिअरिंगला दहा आणि दोनच्या जागी हात लागून चामडं किंवा प्लास्टिक गुळगुळीत झालंय का, ते बघा. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसट झालेत का, ड्रायव्हर सीटचा दाराकडचा फुगवटा दबलाय का? मीटरवर बेचाळीस हजार आणि पेडलच्या रबराखालचं लोखंड चमकतंय, हे एकमेकांशी जुळत नाही. याच्या उलटही होतं: विक्रीला काढताना नवी रबरं आणि नवं सीट कव्हर घातलेलं असतं. आठ वर्षांच्या गाडीत एकट्या पेडलची रबरं कोरी दिसली की मी विचारतोच, का बदलली? याशिवाय अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पावत्या बघा. प्रत्येक पावतीवर त्या दिवसाचं रीडिंग असतं. पावत्या हरवल्या असं म्हणाले तर मालकाला बरोबर घेऊन सेंटरवर जा. गाडी तिथे जात असेल तर नोंदी निघतात.

आता ट्रायल. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गार हवं. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, तास-दीड तास थांबा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. गार इंजिन जे बोलतं ते तापलेलं बोलत नाही. सुरू करताना एकाला सायलेन्सरपाशी उभं करा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय. सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, त्याची काळजी नको. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघतच राहिला तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. साय धरल्यासारखा पिवळट-पांढरा थर असेल, तर पाणी आणि ऑइल एकत्र आलंय का ते मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू ठेवा आणि कान द्या. पाय क्लचवरून पूर्ण काढलेला असताना खर्र असा बारीक आवाज येतोय आणि क्लच दाबताच तो थांबतोय, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्सात नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर संशय घ्यायचा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. दुसरं प्रकरण क्लचच्या कामात निभावून जातं. पहिल्यात गिअरबॉक्स उघडावा लागतो. फरक खिशाला जाणवेल एवढा आहे.

गिअर टाकून अगदी हळू क्लच सोडा आणि गाडी कुठे हलते ते लक्षात घ्या. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी हलली, म्हणजे आमच्या भाषेत क्लच "वर धरतोय". प्लेट बरीच झिजली असावी. काही गाड्यांना क्लच केबलवर असतो. तिथे केबल जास्त ताणलेली असली तरी असंच वाटतं, त्यामुळे ॲडजस्टमेंट बघूनच निष्कर्ष काढावा. हायड्रॉलिक असेल तर ॲडजस्टमेंटची सबब चालत नाही. खात्रीची परीक्षा रस्त्यावर: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास गाडी ठेवा आणि ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग मात्र रेंगाळत वाढला, तर प्लेट घसरतेय. तुमच्याकडे यासाठी खंबाटकीसारखा घाट आहे. विकणारा तयार असेल तर तिथेच न्या. चढावर जे घसरणं दिसतं ते गावातल्या सपाट रस्त्यावर लपून जातं.

चढावर गाडी पूर्ण थांबवून हँडब्रेक ओढा आणि पुन्हा निघा. निघताना गाडी थरथरली किंवा जळका वास आला तर नोंद करा. पण हँडब्रेक ओढून उंच गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतंय का बघायची जी युक्ती सांगतात, ती करू नका. दुसऱ्याच्या गाडीची प्लेट जाळायचा आपल्याला अधिकार नाही.

गिअरमध्ये दुसऱ्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. गाडी गार असतानाच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये पहिल्यावरून दुसरा आणि तिसऱ्यावरून खाली दुसरा, असं पाच-सहा वेळा करा. कर्रर्र आवाज आला किंवा टाकताना गिअर अडवून धरला, तर सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर आवाज न करता बसवणारा भाग, झिजलेला असू शकतो. गावातल्या ड्रायव्हिंगमध्ये सगळ्यात जास्त मार दुसऱ्या गिअरलाच बसतो. "गार आहे म्हणून, नंतर बरोबर होतं" असं विकणारा म्हणेल. नंतर कमी होतं हे खरं, पण झिजलेलं भरून येत नाही. उतारावर तिसऱ्यात ॲक्सिलरेटर सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. गिअर आपोआप न्यूट्रलला उडाला तर ती गाडी तिथेच ठेवून परत या, किंमत कितीही उतरवली तरी. दाबता-सोडताना दांडी नुसती पुढे-मागे हलत असेल तर बहुतेक वेळा इंजिनच्या माउंटिंगचं काम असतं, ते फार मोठं नाही. रिव्हर्स टाकून पाच-पन्नास फूट मागेही घ्या. हे बरेच जण विसरतात.

ठोकलेली गाडी ओळखायला बोनेट आणि बंपरचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो. पाना लागला की कोपरे उडतात. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात मेकचा शिक्का असतो. एकच काच वेगळ्या मेकची दिसली तर ती का बदलली ते विचारा. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, डिकीतली स्टेपनी काढल्यावर खालचा पत्रा ठोकून सरळ केलेला दिसतोय का, ते बघा. दाराचा टचअप किंवा बंपरचा रंग यात काही वाटून घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर आठ वर्षांत चार ओरखडे यायचेच. पिलर आणि चासीच्या पुढच्या पट्ट्या मात्र अखंड हव्यात. इग्निशन चालू करताना एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, यावर नजर ठेवा. तो लागलाच नाही, तर एअरबॅग उघडून गेली असावी आणि दिव्याची वायर काढून ठेवली असावी. हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या कोल्हापूर-सांगली भागातली गाडी आली की मी आधी पूर तपासतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा गाड्या पाण्यात गेल्या. २०२१ ला चिपळूण आणि महाडही बुडालं. त्या गाड्या धुऊन-पुसून गावोगाव विकल्या गेल्या, आणि पुणे पासिंग असली म्हणून गाडी पुण्यातच होती असं नाही. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढा. आतल्या गुंडाळीत मातकट पट्टा दिसला तर पाणी तिथपर्यंत आलेलं होतं. सीटखालच्या रुळांचे बोल्ट, मॅटखालचा स्पंज, डॅशखालच्या वायरिंगचे सॉकेट टॉर्च मारून बघा. बारीक गाळ कोपऱ्यात राहतोच, तो कुणालाही पूर्ण काढता येत नाही. पुरातल्या गाडीचं इंजिन एक वेळ दुरुस्त होतं, वायरिंग मात्र पुढची पाच वर्षं छळतं. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी असेल तर खालून उचलून गंज बघावा लागतो.

इटिऑस आणि डिझायर या दोन्ही गाड्या टॅक्सीत भरपूर चालल्या, हा तुमच्या बाबतीतला खास धोका. टॅक्सी परमिट काढून टाकून पांढऱ्या प्लेटवर आणलेल्या गाड्या बाजारात आहेत. हे कायदेशीर आहे, पण मग किंमत टॅक्सीचीच हवी. आरसीवरचं मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर वाचा, डिझायरच्या पुढे "टूर" (टॅक्सीसाठीचं मॉडेल) आहे का बघा. आरटीओतल्या जुन्या नोंदीत वाहन आधी परिवहन वर्गात होतं का, ते कळतं. इंजिनपाशी स्पीड गव्हर्नर (टॅक्सीचा वेग मर्यादित ठेवणारं यंत्र) काढल्याची रिकामी पट्टी किंवा कापून टेप मारलेली वायर दिसली, तरी ती टॅक्सीची खूण समजायची.

आता निवड. डिझायर २०१८ म्हणजे २०१७ ला आलेली पिढी. दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) तिला सगळ्या मॉडेलवर आहे, डिकी ३७८ लिटर, ॲव्हरेज चांगला, आणि कऱ्हाडपासून कणकवलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात तिचा पार्ट मिळतो. विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्यांची रांग लागेल. हीच तिची अडचणही आहे. मागणीमुळे किंमत चढी असते, आणि सव्वापाचला घेतली तर तुमच्या हातात पंचवीस हजार उरतात. जुन्या गाडीला पहिल्या तीन महिन्यांत टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, ब्रेकपॅड, विमा, नावावर करणं असं करत पन्नास-साठ हजार लागतातच. क्लच निघाला तर अजून वाढतील.

इटिऑस दिसायला साधी, आतलं प्लास्टिक कडक, मीटर मधोमध. २०२० लाच बंद झाली, म्हणून तिला भाव नाही. पण तुमच्या घरासाठी तिच्यात काय आहे बघा: डिकी जवळपास ५९० लिटर, मागचा फ्लोअर सपाट, त्यामुळे मधल्या माणसाच्या पायात बोगदा येत नाही. दार मोठं उघडतं, सीट फार खाली नाही. १४९६ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि हलकं वजन, त्यामुळे पाच माणसं आणि सामान घेऊन घाटात उगाच गिअर खाली टाकत बसावं लागत नाही, आणि क्लचही वाचतो. २०१६ ला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले होते. तुम्ही बघितलेल्या व्हेरिएंटला एबीएस आहे का, हे मात्र स्वतः तपासा. एबीएस सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांत स्वस्त व्हेरिएंटला ते असेलच असं नाही. इग्निशनला एबीएसचा दिवा लागून विझला तर आहे.

माझं मत इटिऑसकडे झुकतं, अट एवढीच की ती टॅक्सीत चाललेली नसावी आणि वर सांगितलेल्या क्लच-गिअरच्या परीक्षेत पास व्हावी. तीन लाख नव्वद सांगितलेत तर पावणेचारच्या खाली बोला. टायर बघून बोला. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झालेला टायर नक्षी कितीही चांगली असली तरी मी बदलायला लावतो, आणि चार टायरांचे पैसे किमतीतून कमी करून मागतो. वाचलेले सव्वा-दीड लाख बँकेत राहू द्या. इटिऑस नापास झाली तर २०१८ नंतरची होंडा अमेझ पेट्रोल शोधा. ४२० लिटरची डिकी आहे आणि उठा-बसायलाही बरी आहे. डिझायर घ्यायचीच असेल तर पावणेपाचपर्यंत उतरल्याशिवाय नको.

इथेनॉलचं पण विचाराल म्हणून सांगतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या आहेत, तुमच्या दोन्ही त्याआधीच्या. घाबरायचं कारण नाही, ॲव्हरेज थोडं कमी मिळेल. पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिकला एकदा बघायला सांगा, कडक झाले असतील तर बदलून टाका.

शेवटी तुमच्या गॅरेजवाल्याकडून स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, लावून घ्या. विकण्याच्या आदल्या दिवशी दोष पुसून टाकले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" अशा दिसतात. तसं दिसलं तर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा लावायला सांगा. मेकॅनिक तुमचा असावा, एजंटाने आणलेला नको. त्याला पाचशे-हजार जास्त द्या, पण कमिशन घेणारा नसावा.

कागदाचं थोडक्यात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, गाडीवर कर्ज आहे का, हे विसार देण्याआधी बघा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते उतरवून घ्या. थकलेली ई-चलान विकणाऱ्याने भरायची. एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का, तेही बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. तोपर्यंत थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) चालते, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करते. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा. "पन्नास टक्के एनसीबी आहे" असं सांगून किंमत वाढवत असतील तर हसून सोडून द्या.

विसार दहा हजारांच्या वर देऊ नका, तोही ऑनलाइन. गाडी ताब्यात घ्याल त्या दिवशी एका कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेआधीचं चलान किंवा अपघात त्यांचा, नंतरचा तुमचा.